वडील हयात असतानाच मातीची, म्हणजे अंत्यविधीची, तयारी कशी करावी?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील ५४ वर्षांचे, माळकरी. अन्ननलिकेचा कर्करोग आहे आणि संभाजीनगरच्या डॉक्टरांनी ‘आता घरी न्या’ म्हणून सांगितलं. गाव माजलगाव तालुक्यात, चार एकर कोरडवाहू. तुम्ही २६ वर्षांच्या, पुण्यात नोकरीला. भाऊ नववीत, आई घरी. अंत्यविधीची तयारी आत्ताच करून ठेवावी का, चुलत्यांनी आतापासूनच तेराव्याच्या जेवणाचा आणि त्यासाठी दोन लाखांच्या उचलीचा विषय काढलाय त्याचं काय करावं, आणि आईला कसं सावरावं, असं तुम्ही विचारलंय. शेवटी लिहिलंय, ‘बाप जिता असताना हे विचारतेय, माझं मलाच कसंतरी होतंय.’

मी परभणी जिल्ह्यात ग्रामसेवक म्हणून नोकरी केली. गावातल्या मृत्यूची नोंद ग्रामसेवकाच्याच दप्तरी होते. त्यामुळे मयत झालेल्या घरी कागदासाठी जाणं व्हायचं, आणि अशा घरातून माणूस नुसता कागद भरून उठू शकत नाही. निवृत्तीनंतर गावच्या भजनी मंडळाच्या लोकांबरोबर मी हेच काम करतो. कुणाकडं माती असली की सरणापासून राख सावडण्यापर्यंतची व्यवस्था आम्ही बघतो, आमच्या मंडळी बायकांमध्ये बसतात. त्या अनुभवावरून लिहितोय.

कसंतरी वाटून घेऊ नका. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बाया स्वतःच्या मयतीचं लुगडं आणि लाकडाचे पैसे पेटीत वेगळे बांधून ठेवायच्या, सुनांना दाखवूनही ठेवायच्या. ही तयारी आपल्या घरांना नवी नाही. ती केल्यानं मरण लवकर येत नाही. नसली, की त्या दिवशी लेकीला बापाजवळ बसायचं सोडून ट्रॅक्टरवाल्याला फोन लावत फिरावं लागतं.

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात, पण मला त्यामागं दोन अडचणी दिसतात. पहिली अशी की तुमच्या घरात यापुढं शब्द कुणाचा चालणार, हे ठरलेलं नाही. वडील अंथरुणावर, आई गप्प, भाऊ लहान आणि तुम्ही लेक, त्यात पुण्याला. अशा वेळी भावकी पुढं होणारच. चुलत्यांच्या मनात वाईटच आहे असं धरून चालू नका, त्यांचाही सख्खा भाऊ चाललाय. दुसरी अडचण मोठी आहे. सगळ्यांची माणसं, पैसा आणि रजा पहिल्या तेरा दिवसांत खर्ची पडते आणि चौदाव्या दिवशी घर रिकामं होतं. मला सांगायचंय ते एवढंच, की तुमच्याकडं जे काही आहे त्यातलं निम्म्याहून जास्त तेराव्यानंतरसाठी राखून ठेवा. पुढं जे लिहितोय ते सगळं याच हिशोबानं वाचा.

सुरुवात वडिलांपासून करा. ते शुद्धीवर आहेत, बोलू शकतात, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. मग त्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या मातीचं काही ठरवू नका. ‘तुम्ही गेल्यावर’ अशी सुरुवात करायची गरज नाही. ‘आण्णा, कुणाला भेटावंसं वाटतंय का? कुणाचं देणं-घेणं राहिलंय का? मनात काही आहे का?’ एवढं विचारून गप्प बसा. आजारी माणसाला आपलं काय होणार हे बहुतेक वेळा कळलेलं असतं, घरचे रडतील म्हणून तो बोलत नसतो. पहिल्या दिवशी ते विषय टाळतील, टाळू द्या. दोन-चार दिवसांनी रात्री पाय चेपताना आपसूक निघेल. हातउसने दिलेले-घेतलेले पैसे, विहिरीच्या पाळ्या, बांधाची जुनी कटकट, सोसायटीचं कर्ज, हे त्यांच्याच तोंडून कळायला हवं. नंतर कळतं तेव्हा ते दुसऱ्याच्या सोयीचं झालेलं असतं.

माती आणि तेराव्याबद्दल त्यांची इच्छा कळली की ती एकट्यानं ऐकून ठेवू नका. चुलते, गावातला एखादा वडीलधारा माळकरी आणि आई, यांच्यासमोर त्यांना ती बोलू द्या. ‘माझ्या मागं कर्ज काढून जेवण घालू नका, हरिपाठ म्हणा, कीर्तन ठेवा’ असं खुद्द वडिलांनी चार माणसांत म्हटलं, की तुमचं निम्मं काम झालं. लेकीचं बोलणं भावकी मोडून काढते. मेलेल्या माणसाचा शब्द मोडायला कुणीही धजत नाही. आणि त्यांचीच इच्छा मोठ्या जेवणाची निघाली, तर? तर त्यांच्याशीच बोला, घरचा हिशोब त्यांच्यासमोर मांडा. बापाला लेकराच्या डोक्यावर बोजा ठेवून जायचं नसतं.

आता त्यांचं दुखणं. अंत्यविधीच्या प्रश्नात हे का, असं वाटेल. पण मी ज्या घरी माणूस कळा सोसत गेला तिथं मागं राहिलेल्यांना वर्षानुवर्षं तेच कण्हणं आठवताना पाहिलंय. म्हणून जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या उपचारांची, चौकशी करा. कर्करोगाच्या वेदनेवर मॉर्फिनच्या गोळ्या असतात. त्या ठरावीक ठिकाणीच आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतात. त्यांनी पोट घट्ट होतं, त्याचं औषध सोबतच मागून घ्या. ‘सवय लागेल’ म्हणून शेवटच्या दिवसांत वेदनेची गोळी नाकारण्यात काही अर्थ नाही. शेवटी शेवटी खाणं सुटतं, झोप वाढते, पाय गार पडतात, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो, घशात घरघर येते. त्या वेळी येणारा-जाणारा प्रत्येक जण पाणी पाजायला बघतो. गिळता येत नसलेल्या माणसाला चमच्यानं पाणी ओतलं की ठसका लागतो, जीव कासावीस होतो. कापसाच्या बोळ्यानं ओठ ओले करा, गंगेचं पाणी असेल तर तेही तसंच लावा. खाली घोंगडीवर घ्यायची घाई करू नका.

कागदांचं मी जरा जास्त सांगणार आहे, माझ्या नोकरीमुळं म्हणा, पण यातच घरं अडकतात.

नाव तपासा. आधारवर ‘ज्ञानदेव’, सातबाऱ्यावर ‘ग्यानोबा’ आणि पासबुकावर ‘ज्ञानोबा’ असा माणूस आपल्याकडं गावोगावी आहे. जिता असेपर्यंत काही अडत नाही. मेल्यावर हे तिघं एकच होते हे सिद्ध करत बायकोला तहसीलचे उंबरे झिजवावे लागतात. वडील सही करू शकतात तोवर नावातला फरक दुरुस्त करून घ्या. तेवढा वेळ नसेल तर निदान मृत्यूच्या नोंदीत नाव नेमकं कोणतं घालायचं, ते आज ठरवून कागदावर लिहून ठेवा. त्या दिवशी नोंद सांगायला गेलेला पुतण्या गावात हाक मारतात तेच नाव सांगून येतो.

बँक, पोस्ट, सोसायटी, विमा, सगळीकडं नॉमिनी म्हणून कुणाचं नाव लावलंय ते पहा. लग्नाआधी उघडलेल्या खात्यावर अजून आजीचं नाव असतं. पासबुकात दरवर्षी मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये कापलेले दिसतात का बघा. दिसले तर तो पंतप्रधान जीवन ज्योती विमा आहे. तो दोन लाखांचा असतो, नैसर्गिक मृत्यूलाही मिळतो आणि वयाच्या ५५ पर्यंत चालतो. तुमच्या वडिलांचं वय ५४ आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. खात्यात पैसे नसल्यानं यंदाचा हप्ता चुकलाय का, तेही पहा.

घरी मृत्यू झाला तर २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करायची. ३० दिवसांच्या पुढं गेलं की वरिष्ठांची लेखी परवानगी लागते, वर्षाच्या पुढं दंडाधिकाऱ्यांचा आदेश. नोंद मृत्यू जिथं होतो तिथंच होते, हे लक्षात असू द्या. शेवटच्या क्षणी घाबरून गाडीत घातलं आणि बीडच्या दवाखान्यात प्राण गेला, तर नोंद बीडला होईल, गावात नाही. घरी गेले तर शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरांनी पाहिलं त्यांच्याकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्यायचा. तो नमुना ४-अ, आणि त्याची फी नसते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना आत्ताच एकदा भेटून दवाखान्याचे कागद दाखवून ठेवा, म्हणजे रात्री-अपरात्री ओळख सांगत बसावं लागणार नाही. दाखल्याच्या प्रती एकदमच आठ-दहा काढा.

आणि एक गोष्ट आईला, भावाला समोर बसवून सांगा. आजारपणात आणि सुतकात कुठल्याही कागदावर अंगठा किंवा सही करायची नाही. ना स्टँपपेपरवर, ना कोऱ्या कागदावर, ना ‘नुसतं वारसाचं आहे’ म्हणून आणलेल्या कागदावर. वारस नोंदीत आई, तुम्ही आणि भाऊ, तिघांचीही नावं लागतात. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा हक्क लेकाइतकाच आहे, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो पुन्हा स्पष्ट केलाय. हक्कसोड पुढं कधी करायची असेल तर ती तुमच्या राजीखुशीनं, डोकं शांत असताना करा. दहाव्याच्या पंगतीत उठलेला हा विषय ‘वर्ष होऊ द्या’ म्हणून बाजूला ठेवा. वारस नोंदीचा अर्ज मात्र तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडं द्यायचा असतो, तो लांबवू नका.

आता प्रत्यक्ष मातीच्या दिवसाचं. त्या दिवशी तुम्ही फोन हातात घेऊ नये असं मला वाटतं. गावातल्या दोन माणसांना आज सांगून ठेवा. एक जण सोयऱ्यांना कळवेल, एक जण सामानाचं बघेल. सोयऱ्यांची नावं-नंबर वहीत लिहून पहिल्याकडं द्या. आत्या, मामा, आईच्या माहेरचे सगळ्यात वर. मातीची वेळ ठरवताना कुणासाठी किती थांबायचं हे आधीच ठरलेलं बरं. पुण्याहून यायला सहा-सात तास धरा. उन्हाळ्यात आपल्याकडं ४२-४३ अंश पारा जातो, तेव्हा थांबायचं असेल तर शीतपेटी लागते. ती माजलगावात किंवा बीडला भाड्यानं कुणाकडं आहे, त्याचा नंबर त्या वहीतच टाका. १०८ ची गाडी रुग्णासाठी असते, मृतदेह न्यायला ती येत नाही. शववाहिका वेगळी सांगावी लागते.

एका सरणाला साधारण ३ ते ४ क्विंटल लाकूड लागतं, वर गोवऱ्या. पावसाळ्यात लाकूड ओलं मिळतं म्हणून जास्त लागतं आणि वेळही जास्त जातो. तुमच्या गावच्या स्मशानभूमीवर पत्र्याचं शेड आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल आणि दिवस आषाढ-श्रावणाचे असतील, तर चार पत्रे आणि लोखंडी पाइप कुणाकडून आणायचे ते ठरवून ठेवा. काळ्या मातीतला रस्ता असेल तर खांदेकऱ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत रुततात. अशा वेळी तिरडी ट्रॅक्टरमध्ये ठेवण्यात काही कमीपणा नाही. विसाव्यापासून पुढं खांदा द्या. वडील माळकरी आहेत, तर भजनी मंडळाला सांगून ठेवा. टाळ-मृदंग आणि अभंगांत माणूस निघाला की घराला फार धीर येतो, हे मी छातीठोक सांगतो.

अग्नी कुणी द्यायचा? तुम्ही हा प्रश्न विचारलेला नाही, पण तो निघणार आहे, म्हणून लिहितो. लेकीनं अग्नी देऊ नये असा कुठलाही कायदा नाही आणि आपल्या मराठवाड्यात लेकींनी बापाला अग्नी दिल्याची उदाहरणं आता गावोगावी आहेत. तुमच्या गावात बायका वेशीपर्यंतच येत असतील तर ऐनवेळी वाद होईल, म्हणून हेही वडिलांकडूनच बोलून घ्या. भाऊ चौदा वर्षांचा आहे, त्याला विचारा. त्याला द्यायचा असेल तर तुम्ही दोघांनी मिळून द्या, मडकं त्यानं धरावं, तुम्ही सोबत चालावं. त्याला भीती वाटत असेल तर ओढू नका. चौदा वर्षांच्या पोराला कवटी फुटेपर्यंत उभं करणं गरजेचं नाही. मुंडण करायचं की नाही तेही त्यालाच ठरवू द्या, परत शाळेत त्यालाच जायचंय. अस्थींना लांब जायचं कारण नाही. तुमच्याच तालुक्यात मंजरथला सिंदफणा गोदावरीला मिळते, राख सावडून तिथं गेलात तरी चालतं.

इथं वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. प्रत्येक समाजाची रीत वेगळी आहे. लिंगायतांमध्ये बसवून दफन करतात, मुस्लिम घरांत गुसल-कफन होऊन शक्य तितक्या लवकर दफन होतं, बौद्ध घरांत वंदना आणि पुढं पुण्यानुमोदन असतं. तिथं लाकडाचा हिशोब लागू नाही, कागदांचा सगळ्यांना लागू आहे. आणि मृत्यू सर्पदंशानं, विजेनं, विहिरीत पडून, फवारणीच्या विषानं किंवा अपघातानं झाला असेल, तर पोलिसांना कळवून पंचनामा आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय माती करू नका. ‘पोस्टमार्टमनं देहाची विटंबना होते’ म्हणून गावकरी आग्रह करतात. पण गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेचे दोन लाख मागताना हेच कागद लागतात, आणि सरण पेटल्यावर ते मिळवता येत नाहीत.

आईबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय, ‘ती काहीच बोलत नाही.’ तिला सगळं कळतंय, म्हणून ती गप्प आहे. तिच्याशी दोन गोष्टी एकांतात बोला. पहिली बांगड्या-कुंकवाची. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. तुमच्या ग्रामपंचायतीनं असा ठराव केला असेल तर त्याची प्रत घरात असू द्या. पण आईच्या वतीनं तुम्ही परस्पर लढाई उभी करू नका. तिला विचारा, ‘आई, तुला काय वाटतं?’ नको म्हणाली तर त्या दिवशी तिच्या शेजारी कोण बसणार हे ठरवा. गावात मान असलेली, स्वतः नवरा गेलेली एखादी वयस्कर बाई असेल तर उत्तम. ‘तिच्या हाताला कुणी हात लावायचा नाही’ हे त्या बाईनं म्हटलेलं चालतं. आणि आई म्हणाली की ‘होऊ दे रीतीनं’, तर तेही तिचंच म्हणणं आहे. तिथं तिला शिकवायला जाऊ नका. पुढं महिन्या-दोन महिन्यांनी ती स्वतः बांगडी घालेल, तेव्हा तुम्ही तिच्या बाजूनं उभ्या रहा.

दुसरी गोष्ट औषधांची. आईला बीपी, शुगर असेल तर गोळ्यांची जबाबदारी एका माणसावर टाका. त्या दिवसांत चूल बंद असते, भाऊबंद पिठलं-भाकरी आणून देतात, पण घरातली बाई घास गिळत नाही आणि गोळ्याही विसरते. दहाव्याच्या आत चक्कर येऊन पडलेल्या कितीतरी बाया आम्ही दवाखान्यात नेल्या आहेत.

माणसं भेटायला येतील तेव्हा प्रत्येक नव्या बाईच्या गळ्यात पडून आई रडेल, तीच कहाणी पुन्हा सांगेल, पहाटे काय झालं, शेवटचं काय बोलले. शहरात राहिलेल्या लेकीला हे बघवत नाही, ‘बास कर आई’ म्हणावंसं वाटतं. म्हणू नका. तसं सांगत सांगतच ते तिला खरं वाटायला लागतं. थांबवायचं असेल तर ‘देवाला आवडला’, ‘बरं झालं सुटला’, ‘रडू नको, लेकरांकडं बघ’ म्हणणाऱ्यांना थांबवा. तुमच्याकडं भेटायला येणाऱ्या जवळच्यांना सांगा, की वडिलांचं नाव घ्या, त्यांची एखादी आठवण सांगा, काही सुचलं नाही तर नुसतं बसा.

भावासारख्या पोरांना ऐकवलं जाणारं एक वाक्य मला फार लागतं. मयतीच्या घरी चौदा-पंधरा वर्षांचं पोरगं असलं की येणारा प्रत्येक गडी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणतो, ‘आता तूच घरचा कर्ता.’ म्हणणाऱ्याला वाटतं आपण धीर दिला. ते पोर त्या दिवसापासून रडायचं बंद होतं. मग शाळा सोडून शेतात उतरतं, नाहीतर उसाच्या टोळीबरोबर जातो म्हणतं. चुलत्यांना, मामांना आत्ताच सांगा की हे वाक्य आपल्या दारात कुणी म्हणायचं नाही. तुम्ही त्याला म्हणा, ‘तू शाळेत जायचं, बाकीचं मी आणि आई बघतो.’ त्याला त्या दिवसांत हलकं काम द्या, पाणी द्यायचं, चपला लावायच्या, दिवा बघायचा. काम असलं की त्याला लोकांत वावरता येतं. आणि त्याच्या वर्गशिक्षकांना आधीच कळवा.

तेराव्याच्या जेवणावर मी भांडखोरपणे लिहिणार नाही. जेवण घालणं ही निव्वळ उधळपट्टी आहे असं मी मानत नाही. दहा दिवस ज्यांनी भाकरी आणून दिली, खांदा दिला, सरण रचलं, त्यांना बसवून दोन घास घालावेत, यात माणुसकी आहे. वाद संख्येचा आणि कर्जाचा आहे. चुलत्यांसमोर हिशोब ठेवा. सावकाराकडून शेकडा तीननं दोन लाख उचलले तर व्याजच महिन्याला ६,००० होतं, वर्षाला ७२,०००. चार एकर कोरडवाहूत सोयाबीन साधारण २२ क्विंटल निघालं आणि २०२५-२६ चा ५,३२८ चा हमीभाव पुरता मिळाला, तरी हातात सव्वा लाखाच्या आतच येतात. त्यातूनच बी, खत, फवारणी, कापणी. म्हणजे आख्खं पीक दिलं तरी मुद्दल फिटायची नाही आणि भावाची दहावी त्यातच. हे चारचौघांत बोलू नका, चुलत्यांना एकटं गाठून, मान ठेवून बोला. ‘काका, तुम्हीच पुढं व्हा, तुमच्याच तोंडून गावाला सांगा, की भावाच्या इच्छेनं कीर्तन आणि साधं वरण-भाताचं जेवण आहे.’ मोठेपणा त्यांना द्या. बहुतेक वेळा माणूस जेवणासाठी अडलेला नसतो, आपल्याला विचारलं नाही म्हणून अडलेला असतो. तरी ऐकलं नाहीच, तर ज्याला मोठं जेवण हवं त्यानं खर्च उचलावा, घराच्या नावावर उचल नको. इथं मात्र मागं हटू नका.

आता ज्याच्यासाठी हे सगळं राखायचं, ते तेराव्यानंतरचे दिवस. तुमच्या नोकरीत किती रजा मिळते ते मला ठाऊक नाही, पण जी मिळेल तिचे तीन भाग करा. थोडी आत्ता घ्या, वडील बोलतायत तोवर. थोडी त्या दिवसांत. उरलेली तेराव्याला संपवून परत जाऊ नका. आठवडाभर कामावर जाऊन या आणि मग पुन्हा गावी या, सगळे गेल्यावर. तेव्हा आईच्या पहिल्यांदा लक्षात येतं की अंगणात खाट रिकामी आहे. मावशी, आत्या, मामी यांनाही हेच सांगा, ‘त्या दिवसांत सगळे एकदम येऊ नका, महिन्यानं एक-एक जण चार दिवस राहायला या.’ कोण कधी येणार ते वहीत लिहा. पहिला पोळा जड जातो, बैल असोत नसोत. पित्रांचे दिवस, पहिली दिवाळी, सोयाबीनच्या काढणीला मळणी यंत्र येतं तो दिवस, वर्षश्राद्ध, या तारखांना घरात जास्तीचं माणूस असलंच पाहिजे.

याच काळात कागद पुढं सरकवा. नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर कर्ता माणूस गेल्यावर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० मिळतात. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला महिना १,५०० असतात, त्याला उत्पन्नाची अट आहे. दोन्हीचे अर्ज तहसीलला होतात. तिथं आईला सोबत न्या. पहिल्यांदा ती मागं उभी राहील, तिसऱ्यांदा स्वतः बोलेल. बँकेत वडिलांचं एटीएम कार्ड मात्र नंतर वापरू नका, बँकेला कळवून रीतसर पैसे काढा. नाहीतर हाच मुद्दा पुढं भावकीत तुमच्याविरुद्ध येतो.

दुःखाला मुदत नसते, पण काही खुणा दिसल्या की नुसतं दुःख म्हणून सोडून देऊ नये. महिने लोटले तरी आई अंघोळ-जेवणालाही उठत नाही, रात्र-रात्र जागी, ‘मलाही त्यांच्यामागं जायचंय’ असं बोलते, लुगडी-दागिने वाटून टाकायला लागते. असं बोलणं ‘दुःखात बोलते’ म्हणून कानाआड करू नका. सरळ विचारा, ‘आई, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का?’ विचारल्यानं ते मनात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. घरातलं तणनाशक आणि फवारणीचं औषध मात्र वाट न बघता आत्ताच घराबाहेर, कुलपात, दुसऱ्याच्या ताब्यात द्या. आपल्या भागात हे मी प्रत्येक घराला सांगतो. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. भावासाठीही आणि तुमच्यासाठीही.

तुमच्यासाठी हे मुद्दाम म्हणतोय. सगळी व्यवस्था बघणारी लेक त्या दिवशी रडत नाही, लोक म्हणतात ‘किती खंबीर’. मग चार-सहा महिन्यांनी पुण्याच्या खोलीवर एकटीला कोसळायला होतं. पुण्यात एक तरी माणूस असा ठेवा, की ज्याला हे सगळं आधीपासून माहीत आहे आणि जो रात्री फोन उचलेल.

उद्यापासून काय करायचं, तर आधी आधार, सातबारा आणि पासबुक शेजारी-शेजारी ठेवून नाव बघा, मग आरोग्य केंद्रात डॉक्टरांना भेटून या, आणि संध्याकाळी वडिलांजवळ बसा. चुलत्यांशी बोलणं त्याच्यानंतर, वडिलांशी बोलणं झाल्यावरच. नावात फरक निघाला तर कुठल्या कागदावर काय आहे ते इथंच लिहा, वैयक्तिक नंबर टाकू नका. कोणत्या कार्यालयात कोणता अर्ज द्यायचा ते सविस्तर सांगतो.